पाणी कोठून येते?

होडीत पाणी शिरले की माणूस पहिल्यांदा एकच गोष्ट करतो. जिथे पाणी साचलेले दिसते तिथे बोट ठेवतो आणि म्हणतो, "सापडले! भोक इथेच आहे." मग तिथे काथ्या ठोसतो, राळ लिंपतो, हात झटकतो आणि पुन्हा समुद्रावर जातो. पुष्कळदा पाणीही पुन्हा येते. राजांचे, लढायांचे, तहांचे इतिहास आम्ही मास्तर लोक मुलांना शिकवतो. पण ज्या गलबतांतून हे राजे आणि त्यांचे सैनिक गेले, ती सारी गलबते थोडीफार गळत होती आणि कुणी एक अनाम माणूस तळाशी बसून ते पाणी उपशीत होता, हे आमच्या क्रमिक पुस्तकांत येत नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर आज त्या माणसाची थोडी हकीकत सांगावी असे मनात आहे.

वीसएक वर्षांपूर्वी मालवणच्या दक्षिणेला, कर्ली नदी समुद्राला मिळते त्या बाजूच्या एका गावात मी शाळेवर होतो. शाळेच्या मागे सुरूचे बन, बनाच्या पलीकडे पुळण, आणि पुळणीवर माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या मांगरांत होड्या. पावसाळाभर त्या मांगरांत विश्रांती घेत आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाला की पुन्हा पाण्यात उतरत. त्या वर्षी आमच्या शेजारच्या घरच्या होडीला गळती लागली. घरातले वडील माणूस आबा. वय सत्तरीच्या पुढचे. समुद्रावर जात ते त्यांचे दोघे मुलगे. होडी जाताना कोरडी असे. परतताना मागच्या टोकाला घोटाभर पाणी. मुलांनी मागचा भाग तपासून काथ्या ठोसला. पुन्हा पाणी. पुन्हा ठोसला. तिसऱ्या खेपेस बांगडा भरपूर मिळाला, वारा सुटला आणि बघता बघता पाणी गुडघ्यापर्यंत चढले. एकाने वल्हे धरले, दुसऱ्याने करवंटीने आणि डब्याने उपसा केला. शेवटी मासळी मुठीमुठीने समुद्राला परत दिली, तेव्हा कुठे होडी किनाऱ्याला लागली. घरातल्या बायका पुळणीवर उभ्या होत्या. त्या रात्री त्या घरात चूल उशिरा पेटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना पाहिले, तर आबा होडीसमोर मांडी घालून बसले होते. हातात विडी, पण ती विझलेली. मी विचारले, "भोक सापडले का?" ते म्हणाले, "मास्तरांनू, पाणी जंय दिसता, थंयसून ता येणा नाय."

पाणी जिथे दिसते तिथून ते येत नाही. इतिहास शिकवणाऱ्याने फळ्यावर लिहून ठेवावे असे हे वाक्य आहे. पण त्याचा अर्धाच अर्थ तेव्हा माझ्या ध्यानात आला. उरलेला अर्धा कळायला चार दिवस लागले.

घाटावरच्या वाचकांनी उलांडीची होडी पाहिलेली नसेल, म्हणून तिचे रूप आधी सांगतो. तिचे पोट म्हणजे झाडाचे, बहुधा आंब्याचे, एक अखंड खोड कोरून केलेली डोण. डोणीच्या काठांवर फळ्या चढवून तिची उंची वाढवतात. आणि या फळ्या खिळ्यांनी न ठोकता सुंभाने शिवतात. आपल्या घरच्या गोधडीला घालावेत तसे लाकडाला टाके! होडी इतकी अरुंद की एकटी असली तर कुशीवर वळायला तिला वेळ लागायचा नाही. म्हणून एका बाजूने दोन लांब दांडे बाहेर काढतात आणि त्यांच्या टोकांना, होडीशी समांतर, हलक्या लाकडाचा एक निमुळता ओंडका बांधतात. हीच उलांडी. लहान मूल नुकते चालू लागले म्हणजे एक हात भिंतीला टेकून चालते, तशी ही होडी एक हात समुद्राला टेकून चालते.

या हाताची किंमत मात्र होडीच्या पोटाला मोजावी लागते. होडी एका लाटेवर असते तेव्हा उलांडी दुसऱ्या लाटेवर असते. एक वर जाते, दुसरी खाली. दोघींमधली ओढाताण दांड्यांतून येते आणि दांडे जिथे होडीच्या काठाला बांधलेले असतात तिथे जाऊन पोचते. दिवसातून हजारो वेळा तिथली दोरी कातरते, लाकूड घासते. याशिवाय खोडाच्या टोकांना उभ्या भेगा पडतात, कारण लाकूड वाळते ते टोकांकडून आधी. जुनी गाठ सुटून गळून पडते. समुद्रातला किडा लाकडात बारीक नळ्या पोखरतो आणि बाहेरून टाचणीच्या टोकाएवढेच भोक दाखवतो. आणि शिवणीचे सुंभ कुजले की दोन फळ्यांमधला काथ्या सैल पडतो. होडीला शत्रू पुष्कळ. त्यांतला आज आलेला कोणता, हे ओळखणे हीच सगळी विद्या.

आबांनी ती विद्या माझ्या डोळ्यांदेखत सुरू केली. प्रथम होडीतले पाणी उपसून, फडक्याने पुसून, तिला ओंडक्यांवर चढवून दोन दिवस वाळू दिली. कारण ओल्या अंगावर नवी ओल दिसत नाही. मग त्यांनी असे काही केले की माझे विद्यार्थी खो खो हसले. ज्या होडीतून पाणी बाहेर काढण्यासाठी सारा आटापिटा, तिच्यात त्यांनी घागरींनी पाणी ओतले! पण यात मोठा शहाणपणा आहे. समुद्रात पाणी बाहेरून आत येते आणि आपण आत बसलेले असतो. आलेले पाणी तळाशी पसरते आणि वाट पुसून टाकते. होडी जमिनीवर ठेवून आत पाणी भरले की तेच पाणी आतून बाहेर येते आणि बाहेरच्या कोरड्या लाकडावर आपली खूण सोडते. ती खूण नीट दिसावी म्हणून बाहेरून चुलीतली राख भुरभुरायची. जिथे राख काळी पडेल तिथे कोळशाची रेघ. रात्री आत कंदील ठेवून बाहेरून फटी न्याहाळायच्या. बोटांच्या पेरांनी लाकूड वाजवायचे. निरोगी लाकूड खणखणते, कुजलेले भद्द वाजते.

दोन लहान फटी सापडल्या आणि बुजवल्या गेल्या. पण गुडघाभर पाणी आणणारे भोक काही सापडेना. कंदिलाचा उजेड बाहेर येईना, राख भिजेना. मुलगे म्हणू लागले की होडी म्हातारी झाली, मोडीत काढावी. आबा काही बोलले नाहीत.

ते होडीपाशी बसून होते, तोवर मी आमच्या शाळेच्या आणि तालुक्याच्या ग्रंथालयातली पुस्तके धुंडाळली. त्या चार दिवसांत सुरू झालेला नाद पुढे वीस वर्षे सुटला नाही.

शिवलेल्या होड्यांचा उल्लेख फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या ग्रंथात, ज्यात आपली कल्याण, सोपारा, चौल ही बंदरे येतात त्याच ग्रंथात, ओमानाहून अरबस्तानात जाणाऱ्या शिवलेल्या होड्यांची नोंद आहे. ११८३ साली इब्न जुबेर नावाचा अरब प्रवासी तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरात पोचला. तिथल्या नावांना एकही खिळा नाही, नारळाच्या काथ्याने त्या शिवतात, आणि वर तूप, एरंडेल किंवा मुशी माशाचे तेल चोपडतात. त्यांत मुशीचे तेल उत्तम, असे त्याने लिहून ठेवले. लाकूड आणि काथ्या हिंदुस्थानातून व येमेनमधून येई, हेही तो सांगतो. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या कुणा बाईने कुटलेला काथ्या तांबड्या समुद्रातले पाणी अडवीत होता. बायाबापड्यांच्या या कामावरून मराठीत निष्फळ वादाला 'काथ्याकूट' म्हणण्याची रीत पडली आहे. पण खरा काथ्याकूट निष्फळ नसतो. नारळाची सोडणे खाडीच्या खाऱ्या पाण्यात कित्येक महिने मुरवायची, मग दांडक्याने कुटायची, तंतू सुटे करून वळायचे, तेव्हा सुंभ तयार होते. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही असे आपण म्हणतो. खाऱ्या पाण्याने तर त्याचा पीळ लवकर सुटतच नाही.

याच होड्यांविषयी दोन मोठ्या प्रवाशांनी दोन उलट निवाडे दिले आहेत. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझ बंदरातल्या शिवलेल्या नावा पाहिल्या आणि त्यांना अगदी टाकाऊ ठरवले; लोखंडी खिळे नाहीत, डांबर नाही, म्हणून पुष्कळ बुडतात असे त्याचे म्हणणे. चौदाव्या शतकात इब्न बतूता मात्र सांगतो की या समुद्रात खडक फार. लोखंडी खिळ्यांची नाव खडकावर आपटली की फुटते, शिवलेली नाव लवते आणि वाचते. एकाने पाणी पाहिले, दुसऱ्याने टाका पाहिला. भोज राजाच्या नावावर असलेल्या 'युक्तिकल्पतरू' या संस्कृत ग्रंथात तर समुद्रावर जाणाऱ्या नावेला लोखंड लावू नये असे सांगितले आहे, कारण समुद्रातले चुंबकाचे खडक ते ओढून घेतील! चुंबकाचे खडक कुणाला भेटले नाहीत. पण लोखंड खाऱ्या पाण्यात गंजते, गंजून फुगते, फुगून लाकूड फोडते, हे कोणत्याही नाखव्याला ठाऊक होते. चुकीच्या कारणाने सांगितलेली गोष्टही कधी कधी बरोबर असते.

शिवणीची आणखी एक खुबी आहे, ती आबांच्या होडीवरच मला दिसली. खिळे मारलेली फळी काढायची म्हणजे फळीचा बळी द्यावा लागतो. शिवलेली फळी टाके कापून अलगद उतरवता येते, साफ करून पुन्हा शिवता येते. म्हणजे ज्यांनी ही होडी रचली, त्यांनी ती गळणार हे पहिल्या दिवशीच धरले होते. दुरुस्ती हा त्यांच्या लेखी अपघात नव्हता, होडीच्या आयुष्याचाच भाग होता. लोक जुन्या होडीला शंभर वर्षांची म्हणतात तेव्हा तिच्यातल्या सुंभाचे वय विचारू नये.

उलांडीची गोष्ट मात्र आपल्या किनाऱ्यापुरती नाही. जेम्स हॉर्नेल या मद्रासच्या मत्स्यखात्यातल्या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या नौकांवर १९२० साली एक मोठा निबंध प्रसिद्ध केला आणि आपल्याकडच्या उलांडीच्या होड्यांचे नाते पूर्वेकडच्या बेटांशी जोडले. फार पूर्वी तैवानकडून निघालेले दर्यावर्दी लोक फिलिपाइन्स, इंडोनेशियामार्गे एकीकडे मादागास्करपर्यंत आणि दुसरीकडे पॅसिफिक महासागरातल्या ताहिती, हवाईपर्यंत पसरले. जिथे ते गेले तिथे उलांडी गेली. हिंदी महासागरातली उलांडी ही त्यांच्याच येण्याजाण्याची खूण, असे बहुतेक विद्वान मानतात.

आणि गंमत पाहा. हजारो कोस दूरच्या त्या बेटांवर होडीसाठी जे सामान वापरतात, ते आपल्या परसातले आहे. टाके घालायला नारळाचा काथ्या. ताहितीत ज्या तमानू झाडापासून होड्या करीत, ते आपले उंडीचे झाड. ज्याच्या बियांचे तेल कोकणात दिव्यात जळत असे. मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटावर होडी नीरफणसाच्या लाकडाची असते, आणि तिच्या फटी नीरफणसाच्याच चिकाने बुजवतात. फणस चिरताना हाताला खोबरेल लावायला विसरलेल्या गृहिणीला या चिकाची ताकद वेगळी सांगायला नको!

हवाईतले लोक तर होडी होण्याच्याही आधी गळती शोधीत. तिथे होडी कोआ झाडाच्या खोडाची करीत. झाड पाडले की कारागीर बाजूला थांबून एका लहानशा पक्ष्याची वाट पाहत. त्याचे नाव एलेपायो. होडी करणाऱ्यांची देवता लेआ या पक्ष्याच्या रूपाने येते अशी श्रद्धा. पक्षी खोडावरून नुसता चालत गेला तर खोड निरोगी. जागोजागी चोच मारू लागला तर आत किडे आहेत, खोड सोडून द्यायचे. श्रद्धा म्हणा की निरीक्षण म्हणा, किडे खाणाऱ्या पक्ष्यापेक्षा किड्यांची खबर अधिक कुणाला असणार? पुढे लाकडाला भेग पडलीच तर तिच्यावर आडवी, डमरूच्या आकाराची लाकडी पट्टी खाचेत बसवीत. तिला 'पेवा' म्हणतात. पेवा म्हणजे माशाची शेपटी. ती भेग लपवीत नाही, पण तिला पुढे सरकू देत नाही.

ताहिती बेटावर १७६९ साली इंग्रज कप्तान जेम्स कुक 'एंडेव्हर' जहाज घेऊन पोचला. तिथला तुपाया नावाचा जाणता नावाडी-पुजारी त्याच्या जहाजावर चढला. पुढच्याच वर्षी, ११ जून १७७० च्या रात्री, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगत एंडेव्हर प्रवाळाच्या खडकावर चढले. जहाज हलके करण्यासाठी सहा तोफांसह चाळीस-पन्नास टन सामान समुद्रात टाकले. तेवीस तासांनी ते खडकावरून सुटले. त्या वेळी घडलेला एक प्रसंग कुकने आपल्या रोजनिशीत लिहिला आहे. तळातल्या पाण्याची खोली मोजणारा माणूस बदलला. पहिला आतल्या फळ्यांपासून मोजीत होता. नव्याने बाहेरच्या फळीपासून मोजले. सोळा-अठरा इंचांचा फरक पडला आणि पाणी एकाएकी चढले असे सर्वांना वाटून जहाजभर भीतीची लाट गेली. पाणी होते तेवढेच होते; मोजायची सुरुवात कोठून, एवढेच बदलले होते. चूक उमगताच लोकांना असा हुरूप आला की पंपांनी पाण्यावर मात केली. मी हा प्रसंग दर वर्षी गणिताच्या तासाला सांगतो.

मग मंकहाऊस नावाच्या एका तरुणाने जुन्या शिडाच्या कापडावर दोरखंडाचा भुगा, लोकर आणि जनावरांचे शेण थापून ते कापड दोरांनी जहाजाच्या पोटाखालून ओढून घेतले. पाण्याच्या ओढीने ते भोकावर जाऊन चिकटले. पुढे नदीच्या मुखात जहाज कुशीवर घेऊन पाहिले, तेव्हा कळले की भोक मोठे होते, पण ज्या प्रवाळाने ते पाडले त्याचाच एक तुकडा त्यात अडकून बसला होता. तो निसटला असता तर कुकचा प्रवास तिथेच संपला असता. इतके नामांकित जहाज, इतके हुशार लोक. पण भोक खरोखर कुठे आणि केवढे, हे जमिनीवर आल्याशिवाय कुणाला समजले नाही.

चौथ्या दिवशी मी ही हकीकत आबांना सांगितली. तुकड्याच्या गोष्टीवर ते बराच वेळ गप्प राहिले. मग मुलांना हाक मारून त्यांनी विचारले, "पाणी कधी भरता? जाताना काय येताना?" मुलगे म्हणाले, येताना. "मासळी नाय गावली त्या दिसा?" त्या दिवशी आले नव्हते, असे धाकट्याला आठवले. आबांनी विझलेली विडी फेकली आणि मला म्हणाले, "रिकामी आसताना गळणा नाय, भरली काय गळता. मगे भोक वर आसा, खाली नाय."

आम्ही सारे 'कुठे' म्हणून विचारीत होतो. त्यांनी 'केव्हा' म्हणून विचारले.

भरतीच्या वेळी खाडीच्या संथ पाण्यात होडी लोटली. तिच्यात वाळूची पोती ठेवली, मासळीने भरून येताना बसते तितकी ती पाण्यात बसेपर्यंत. मग उलांडीच्या बाजूला थोडे वजन सारले. आबांचा दहा वर्षांचा नातू आत ओणवा होऊन बघत होता. तोच ओरडला. पुढच्या दांड्याचे बंधन ज्या भोकातून ओवलेले असते, ते वर्षानुवर्षे दोरी घासून लांबट झाले होते. होडी रिकामी असताना ते पाण्याच्या वीतभर वर राही. म्हणून कुणाला कधी काही दिसले नाही. आत पाणी ओतून केलेल्या परीक्षेत पाणी तिथवर चढलेच नव्हते, आणि भोकात दोरी असल्यामुळे कंदिलाचा उजेडही बाहेर आला नव्हता. होडी भरली, कलली, की ते भोक पाण्याखाली जाई. करंगळीएवढी धार आत येई, फळ्यांच्या पाठीमागून गुपचूप खाली उतरे आणि तळाच्या उतारावरून वाहत मागच्या टोकाला जमे. मुलगे काथ्या ठोसत होते ते नाळेपासून पार दुसऱ्या टोकाला!

बंधन सोडून जुन्या भोकात घट्ट लाकडी खुंटी ठोकली, नवे भोक वर पाडले. काथ्या, राळ, वरून काजूच्या टरफलांचे तेल. काजू हे पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले झाड. पण आमच्या होड्यांनी त्याला केव्हाच आपले मानले आहे. मग होडी दोन दिवस पाण्यातच ठेवली. लाकूड पाणी पिऊन फुगते आणि उरल्यासुरल्या बारीक फटी आपल्या आपण मिटतात. थोडे पाणी सोसल्याशिवाय लाकडी होडी घट्ट होत नाही.

पुढे काही वर्षांनी मी हवाईतल्या 'होकुलेआ' नौकेची हकीकत वाचली तेव्हा आबांचा तो प्रश्न पुन्हा आठवला. होकुलेआ ही उलांडीची नव्हे, तर दोन पोटे शेजारी शेजारी जोडलेली, जुन्या घाटाची पण प्लायवूड आणि फायबरची नौका. १९७५ साली पाण्यात उतरली. १९७६ साली सातावाल बेटाच्या माऊ पियाईलुग या नावाड्याने होकायंत्राशिवाय, तारे आणि लाटा वाचून, ती हवाईहून ताहितीला नेली. १ मे रोजी निघालेली नौका ४ जूनला पपीतेच्या बंदरात शिरली, तेव्हा किनाऱ्यावर माणसांची रीघ लागली होती. आपले पूर्वज वाहत वाहत बेटांना लागले नव्हते, मार्ग काढून गेले होते, हे त्या लोकांना पुन्हा उमगले.

पण १६ मार्च १९७८ रोजी तीच नौका पुन्हा ताहितीला निघाली, ती माऊशिवाय. सामान फार होते, वारा वादळी होता. भाराने नौका खाली बसली, वाऱ्याने एका अंगावर कलली, आणि एका पोटात पाणी भरत गेले. जितके भरे तितकी ती खाली जाई, जितकी खाली जाई तितके अधिक भरे. मध्यरात्री ती उलटली. सोळा माणसे रात्रभर उलट्या पोटाला धरून होती. एडी आयकाऊ हा एकतीस वर्षांचा तरुण, ज्याने किनाऱ्यावर बुडणाऱ्या कितीतरी जणांना वाचवले होते, लाटांवर खेळायची फळी घेऊन मदत आणायला लानाई बेटाकडे निघाला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. बाकीचे पंधरा वाचले. एका विमानाला त्यांचे इशाऱ्याचे प्रकाशबाण दिसले. त्या नौकेचे तळ कुठे फुटले नव्हते. शांत समुद्रात, माफक भाराला, जी झाकणे आणि जे सांधे पुरेसे होते, ते त्या रात्री, त्या भाराला पुरे पडले नाहीत. त्या लोकांनी रडून झाल्यावर हिशेब मांडला. सुरक्षेची सारी व्यवस्था बदलली, सोबतीला दुसरी नाव ठेवली, शिकणाऱ्यांची नीट तयारी करून घेतली. माऊने त्यांना शिकवायला पुन्हा होकार दिला. १९८० साली नाइनोआ थॉम्पसन या हवाईच्या तरुणाने होकुलेआ यंत्रांशिवाय ताहितीला नेली आणि परत आणली. माऊवर त्याच्या स्वतःच्या बेटावरून टीका झाली, की कुळातली विद्या परक्यांना का दिलीस. पण घरची मुले शिकायला बसत नव्हती, आणि विद्या कुणाच्याच हाती न लागता संपण्यापेक्षा परक्याच्या हाती गेलेली बरी, असे त्याला वाटले. २०१० साली तो वारला.

आपल्याकडेही शिवणीची विद्या अगदी संपलेली नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातल्या भिंतीवर जे जहाज रंगवलेले आहे, त्यावरून काथ्याने शिवलेले एक जहाज केरळच्या कारागिरांनी गोव्यात बांधले. २०२५ सालच्या मे महिन्यात कारवारला ते 'कौंडिण्य' नावाने भारतीय नौदलात दाखल झाले. आमच्या मराठी मुलुखातल्या चित्राला दीड हजार वर्षांनी पाणी लागले, याचा मला फार आनंद वाटला.

आबा आता नाहीत. त्या होडीचेही सरपण झाले. त्यांचा नातू तिशीला आला. त्याची होडी फायबरची, आणि पर्यटकांना फिरवण्यासाठी त्याने पोकळ फायबरची उलांडी बसवली आहे. भरीव ओंडका पाणी पिऊन जड होतो, पण एकाएकी दगा देत नाही. पोकळ उलांडी आतून भरली तर ज्या हाताने समुद्राला टेकायचे तोच हात बुडतो. गेल्या वर्षी मी सुट्टीत तिकडे गेलो होतो, तेव्हा तो पुळणीवर उलांडी उतरवून बसला होता. बूच काढून आतले पाणी सांडले होते, बाहेरून साबणाचा फेस चोपडला होता, आणि भोकातून पंपाने हलके हलके हवा भरीत होता. फार जोराने भरली तर सांधाच उकलेल. जिथे हवा निसटेल तिथे बुडबुडा फुगेल. आजोबांच्या घागरी गेल्या, राख गेली. पण रीत तीच. बाहेरून आत येणाऱ्याला आतून बाहेर पाठवायचे आणि त्याची वाट पाहायची.

एक शहरी तरुण तिथे उभा होता. तो म्हणाला, "अहो, पाणी तर मागच्या टोकाला साचले होते ना? मग तिथेच भोक असणार."

नातवाने हातातला पंप थांबवला नाही. फेसावरची नजरही काढली नाही.

"कधी साचला होता?" त्याने विचारले. "जाताना काय येताना?"